‘ब्लेड रनर’ खेळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी दर शुक्रवारी रात्री जुने कॉम्प्युटर गेम चालतात. सगळ्यांत जास्त चालतो तो १९९७ सालचा ‘ब्लेड रनर’. इथं बसून बघणारे घरी जाऊन स्वतः सुरू करतात, आणि मग रात्री अकराला फोन येतो, ‘‘तो आचारी पळून गेला, आता काय करू?’’ तीच ती उत्तरं देऊन घसा बसला म्हणून ही यादी. प्रश्न १२ पर्यंत निर्धास्त वाचा. त्यापुढं कथेतल्या गोष्टी थोड्याथोड्या उघड होतात. प्रश्न १८ तर गेम संपेपर्यंत उघडूच नका.

१. हा गेम सिनेमाचाच आहे का? म्हणजे सिनेमाची गोष्टच आपण खेळायची?

सिनेमाचा आहे, पण सिनेमाची गोष्ट नाही. रिडली स्कॉट यांचा सिनेमा १९८२ चा, आणि तो फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीवर बेतलेला. गेम बनवला वेस्टवुड स्टुडिओजनं, म्हणजे ‘कमांड अँड कॉन्कर’वाल्यांनी. नोव्हेंबर २०१९ मधलं लॉस एंजेलिस, सतत पाऊस, आणि माणसांत मिसळून गेलेली कृत्रिम माणसं म्हणजे रेप्लिकंट. त्यांना हुडकून ‘निवृत्त’ करणारे पोलीस म्हणजे ब्लेड रनर. सिनेमातला डेकार्ड त्याच्या कामात असतो तेव्हाच त्याच शहरात रे मॅकॉय नावाचा नवखा ब्लेड रनर दुसऱ्या एका प्रकरणामागं लागलेला असतो. तो मॅकॉय म्हणजे तुम्ही. दोन्ही गोष्टी शेजारशेजारच्या गल्ल्यांतून जातात, एकमेकींत घुसत नाहीत. सिनेमावर बेतलेले बहुतेक गेम सिनेमाचेच प्रसंग रवंथ करतात. हा त्यातून सुटला, आणि मला वाटतं म्हणूनच टिकला.

२. याला ‘एफएमव्ही’ गेम का म्हणता? यात खऱ्या नटांचं चित्रीकरण तर दिसत नाही.

या मुद्द्यावर आमच्याकडं दर दोन महिन्यांनी वाद होतो. एफएमव्ही म्हणजे फुल मोशन व्हिडिओ, चालता व्हिडिओ सीडीवर भरून त्यावर रचलेला गेम. त्यातला एक प्रकार खऱ्या नटांचा. १९९५ सालचे ‘जॉनी निमॉनिक’ आणि ‘रिबेल असॉल्ट २’ तसे आहेत. दोन्ही सिनेमांवरूनच निघाले, आणि दोन्हींत नट कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. ‘ब्लेड रनर’मध्ये व्हिडिओ आहे तो कॉम्प्युटरवर आधीच रंगवून ठेवलेला. मधले प्रसंग तर व्हिडिओ आहेतच, पण तुम्ही ज्या खोलीत उभे असता ती खोलीसुद्धा फिरून फिरून चालणारा व्हिडिओच असते. म्हणून पाऊस, धूर आणि निऑनच्या पाट्या कधी थांबत नाहीत. त्यावर चालणारी माणसं मात्र व्हॉक्सेलची, म्हणजे बारीक ठोकळ्यांच्या थरांची. जवळ आली की कडा दातेरी दिसतात. थ्रीडी कार्डाची गरज न पडता पेंटियमवर हे सगळं हलायचं, त्या काळी ते नवलच होतं.

खऱ्या नटांचे आवाज मात्र आहेत. शॉन यंग, ब्रायन जेम्स, जेम्स हाँग, जो टर्केल आणि विल्यम सँडरसन या सिनेमातल्याच पाच जणांनी आपापल्या पात्रांना गेममध्ये आवाज दिला. सिनेमातलं संगीत मूळ फितींवरून घेता आलं नाही, म्हणून फ्रँक क्लेपॅकी यांनी सिनेमा ऐकून ते नव्यानं बांधलं. कान देऊन ऐकलंत तर फरक कळतो. पहिल्यांदा खेळताना मला कळला नव्हता.

३. आधी सिनेमा बघायलाच हवा का?

नको. गेम आधी खेळून मग सिनेमा बघितलेले आमच्यात दोघं आहेत. सिनेमा लागला तेव्हा ते ‘‘अरे, हे तर आपलं च्यूचं दुकान!’’ म्हणत होते (च्यू म्हणजे रेप्लिकंटांचे डोळे बनवणारा). तो आनंद आम्हाला मिळाला नाही.

४. आता हा गेम मिळतो कुठं? ‘एन्हान्स्ड’ घेऊ की जुना?

जुना घ्या. जीओजी या ऑनलाइन दुकानात मूळ गेम मिळतो.

त्यामागं एक कथा आहे. गेम मधली वीसेक वर्षं विकतच मिळत नव्हता. सिनेमाचे हक्क गुंतागुंतीचे, त्यात वेस्टवुडचा मूळ सोर्स कोड हरवलेला. मग जुने गेम आजच्या मशीनवर चालवणाऱ्या स्कमव्हीएम या मोफत प्रकल्पातल्या हौशी प्रोग्रॅमरांनी गेम उलटा उसवून, त्याचं इंजिन नव्यानं लिहून काढलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या स्कमव्हीएम २.१ मध्ये ‘ब्लेड रनर’ सुरळीत चालू लागला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जीओजीनं तो विक्रीला ठेवला. गोष्टीतलं साल आणि गेम परत येण्याचं साल एकच, ही गंमत मी दर शुक्रवारी सांगतो. लोक आता माझ्याआधी म्हणून मोकळे होतात.

२०२२ मध्ये नाइटडाइव्ह या कंपनीची ‘एन्हान्स्ड एडिशन’ आली. सोर्स कोड त्यांच्याकडंही नव्हता, व्हिडिओ तेच जुने, फक्त यंत्रानं मोठे आणि गुळगुळीत केलेले. त्या गुळगुळीतपणात पाऊस आणि धूरच पुसट झाला. खेळाडूंनी एवढी बोंब मारली, की आधी तिच्यासोबतच घ्यावा लागणारा जुना गेम पुन्हा सुटा विकायला ठेवावा लागला.

५. माझ्याकडं त्या काळातल्या चार अस्सल सीड्या आहेत. त्यांवरून चालेल का?

चालेल, थोडी खटपट आहे. विंडोज ९५ साठीचा जुना इन्स्टॉलर आजच्या विंडोजवर नीट चालत नाही, त्याच्या नादी लागू नका. चारही सीड्यांवरच्या फायली एका फोल्डरमध्ये कॉपी करा आणि तो फोल्डर स्कमव्हीएमला दाखवा.

बहुतेक जण अडतात ते एकाच ठिकाणी. प्रत्येक सीडीवर सीडीफ्रेम्स.डॅट या एकाच नावाची फाइल आहे, आणि चारही वेगवेगळ्या आहेत. डोळे झाकून कॉपी केलंत तर दुसरी सीडी पहिलीची फाइल पुसते, तिसरी दुसरीची. म्हणून प्रत्येक सीडीवरची ही फाइल उतरवल्या उतरवल्या तिचं नाव बदला: सीडीफ्रेम्स१, सीडीफ्रेम्स२ असं चारपर्यंत. आकडा अर्थातच इंग्रजी. हे केलं की गेम पुन्हा सीडी मागत नाही. ड्राइव्ह नसेल तर एखाद्या जुन्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडं चौकशी करा, बाहेरून लावायचे ड्राइव्ह अजून मिळतात.

६. माझ्या सीड्या ‘त्या’ दुकानातल्या आहेत. गेम शेवटाकडं अडतो. का?

‘त्या’ दुकानाचं नाव घेत नाही, पण हा प्रश्न विचारणारे तुम्ही पाचवे. १९९९ मध्ये मीही तिथूनच घेतला होता. चार सीड्या, प्लॅस्टिकची पिशवी, झेरॉक्स काढलेलं मुखपृष्ठ. तिसरीपर्यंत सगळं छान. मग पडद्यावर चौथी सीडी मागितली, मी ‘चार’ लिहिलेली घातली, पडद्यानं पुन्हा चौथीच मागितली. फडक्यानं पुसली, फुंकर मारली, टूथपेस्टनं घासून पाहिली. शेवटी दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघितलं तर ‘चार’ लिहिलेल्या सीडीवर तिसरीच सीडी भरलेली होती. दुकानदारानं एकदा चुकीची भरली आणि मग त्याच साच्यातून सगळ्या गावाला वाटली. परत न्यायला गेलो तर म्हणाला, ‘‘तिसरी तर चालली ना?’’

त्यावर इलाज नाही. प्रश्न ४ पाहा आणि एकदाच विकत घ्या.

७. जुन्या लॅपटॉपवर किंवा फोनवर चालेल का?

दोन्हींवर. गेमचं चित्र मुळात ६४० गुणिले ४८० चं आहे, त्याला दणकट मशीन लागत नाही. स्कमव्हीएम अँड्रॉइडवरही आहे. फोनवर फोटोतले बारीक पुरावे बोटाखाली झाकले जातात (प्रश्न ११), तेवढं सोसायची तयारी ठेवा.

८. चित्र फार अंधारं दिसतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. बिघाड आहे का?

नाही. पट्टे येतात कारण गेम जुन्या चौकोनी मॉनिटरच्या मापाचा आहे. ताणून पडदा भरू नका, मॅकॉय जाडा दिसतो. अंधार मात्र मुद्दाम ठेवलेला आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी खिडकीतून जो उजेड आत शिरतो त्यात हा गेम खेळणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. चादर लावा खिडकीला, ती तर घरोघरी आहेच, नाहीतर रात्री खेळा.

९. पात्रांचं इंग्रजी भराभर जातं, कळत नाही. सबटायटल आहेत का?

मूळ इंग्रजी गेममध्ये नव्हती. १९९९ मध्ये आम्ही एकेक संवाद तीनदा ऐकून वहीत उतरवायचो, आणि तरी ‘रिटायर’ म्हणजे मारून टाकणं हे आठवड्यानंतर कळलं. तोवर आमचा समज असा की मॅकॉय लोकांना पेन्शनीवर पाठवतो.

स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावर या गेमसाठी सबटायटलची वेगळी फाइल मोफत मिळते. ती गेमच्या फोल्डरमध्ये टाका आणि स्कमव्हीएमच्या पर्यायांत सबटायटल चालू करा. इंग्रजीतच आहेत, पण वाचता आलं की निम्मं काम होतं.

आणखी एक. सिनेमात गॅफ नावाचा पोलीस जी भाषा बोलतो तिला ‘सिटीस्पीक’ म्हणतात, ती हंगेरियन, जपानी, जर्मन वगैरेंची खिचडी आहे. गॅफ गेममध्येही भेटतो. त्याचं सगळं कळलंच पाहिजे असं नाही. आपल्या पूर्व भागात एकाच वाक्यात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी ऐकत मोठे झालेल्यांना याचं अप्रूप वाटत नाही, परगावच्या पाहुण्यांनाच वाटतं.

१०. सुरुवातीला रन्सिटरच्या प्राण्यांच्या दुकानात गोल गोल फिरतोय. काय करायचं?

गोल फिरणंच करायचं, फक्त सावकाश. या जगात खरे प्राणी जवळजवळ उरलेले नाहीत, म्हणून प्राण्यांची कत्तल हा मोठा गुन्हा, आणि तीच या दुकानात झालेली असते. दुकानातल्या आणि दुकानाबाहेरच्या प्रत्येक गोष्टीवर माउस फिरवा, बाण बदलला की क्लिक करा. मालकाशी बोला, बाहेरच्या पोलिसाशी बोला, कॅमेऱ्याचं चित्रण घ्या. बाहेर रस्त्यावर पडलेला कचराही सोडू नका. जेवणाच्या काड्यांचं वेष्टन तुम्हाला चायनाटाउनमधल्या हॉवी लीच्या टपरीपर्यंत नेतं.

या गेममध्ये खिसे भरून वस्तू गोळा करून एकमेकींना जोडायच्या नसतात. गोळा करायचे ते पुरावे, आणि ते आपोआप ‘केआयए’ नावाच्या हातातल्या यंत्रात जातात. गुन्हा, संशयित, पुरावे अशी त्यात वेगवेगळी पानं आहेत. अडलात तर नवीन जागी पळण्याआधी केआयए उघडून वाचा. पोलीस मुख्यालयातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर केआयए रिकामं केलं की तुमचे पुरावे तिथं जातात आणि दुसऱ्या ब्लेड रनरांनी शोधलेले तुमच्याकडं येतात. हे न करता खेळणारे पुष्कळ. मग म्हणतात, धागाच सापडत नाही.

आणि पहिल्या अंकाचं काम आटोपलं की घरी जाऊन झोपा. मॅगी नावाची कुत्री वाट बघत असते. तपास संपला तरी गावभर हिंडत राहिलात तर पुढचा दिवस उजाडणार कसा?

११. ईस्परमध्ये फोटो मोठा करतो पण काही सापडत नाही.

ईस्पर म्हणजे फोटोच्या आत शिरणारं यंत्र, सिनेमातलंच. माउस दाबून चौकट ओढायची, तेवढा भाग मोठा होतो. चूक होते ती ही, की लोक एकदा मोठं करून दिसलं नाही म्हणून सोडून देतात. जिथं आणखी मोठं होतंय तिथं करत जा. योग्य जागेवर आलात की यंत्र स्वतःच तो भाग वेगळा काढून देतं आणि पुराव्यात नोंद होते. एका फोटोत एकापेक्षा जास्त पुरावे असू शकतात. आरसे, काचा, माणसांच्या पाठीमागचा कोपरा आणि हातातल्या वस्तू आधी तपासा.

१२. बोलताना मॅकॉय स्वतःच काहीही बोलतो. मला निवडता येत नाही का?

येतं. केआयएच्या सेटिंगमध्ये मॅकॉयच्या स्वभावाचे पाच पर्याय आहेत: नम्र, साधा, तिरसट, लहरी आणि ‘मी निवडतो’. पहिल्या चारांत तो त्या स्वभावाप्रमाणं स्वतः बोलतो. शेवटच्यात प्रत्येक वेळी विषयांची यादी येते. पहिल्या खेपेला ‘मी निवडतो’ ठेवा. दुसऱ्या खेपेला तिरसट ठेवून बघा, तोच माणूस वेगळं बोलू लागतो. लहरीला मात्र हात लावू नका. आमच्यातल्या एकानं लावला आणि मॅकॉय एका वाक्यात गोड आणि पुढच्यात खेकसायला लागला. तो म्हणाला, ‘‘का बे, हा तर आमच्या साहेबासारखाच आहे.’’

१३. हॉवी लीकडचा आचारी झूबेन अंगावर भांडं फेकून पळतो आणि दर वेळी निसटतो.

मॅकॉय धावतोय की चालतोय ते बघा. एकदा क्लिक केलं की तो चालतो. धावायला दोनदा क्लिक करावं लागतं आणि पुढंही क्लिक करत राहावं लागतं, नाहीतर तो दमून हळू होतो. बोट दुखत असेल तर स्कमव्हीएमच्या गेम-पर्यायांत हे लवकर दमणं बंद करण्याची खूण आहे.

बंदूक उजव्या क्लिकनं निघते आणि उजव्या क्लिकनंच आत जाते. गल्लीत पोचल्यावर काढायला वेळ नसतो, आधी सराव हवा. पोलीस मुख्यालयात नेमबाजीचं ठिकाण आहे, तिथं निरपराधांचे पुतळेही मधेच उभे राहतात. त्यांना मारू नये एवढं जमलं की पुरे.

राहिला मोठा प्रश्न: त्याला मारायलाच हवं का? नाही. जाऊ दिलात तरी गेम संपत नाही, आणि तुम्ही काय केलंत ते लक्षात ठेवलं जातं. निसटला म्हणून जुनी सेव्ह उघडण्यापेक्षा एकदा तसंच पुढं खेळून बघा.

१४. वॉकथ्रू (गेम पायरीपायरीनं कसा खेळायचा ते लिहिलेलं टिपण) शेजारी ठेवून अक्षरशः तसंच खेळतोय, तरी माझ्याकडं तसं घडत नाही. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली आहे. वॉकथ्रूच या गेमला लागू पडत नाही, आणि ही सगळी यादी खरं तर या एका उत्तरासाठी लिहिली आहे.

नवीन गेम सुरू केला की आतल्या आत फासे पडतात. लहानगी ल्यूसी, नाचणारी डेक्टोरा, विनोद सांगणारा गॉर्डो, गहाणवटीचं दुकान चालवणारा इझो अशी काही पात्रं या वेळी रेप्लिकंट की माणसं हे तेव्हा ठरतं. झूबेन आणि रेप्लिकंटांचा म्होरक्या क्लोव्हिस मात्र कायम रेप्लिकंट. त्यामुळं तुमच्या गेममध्ये जिच्यावर गोळी झाडणं कर्तव्य, तीच माझ्या गेममध्ये निरपराध पोर. वॉकथ्रू लिहिणाऱ्यानं त्याच्या फाशांप्रमाणं लिहिलंय.

हे आम्हाला माहीत नव्हतं. १९९९ च्या उन्हाळ्यात मी माझ्या तीन सीड्यांवर खेळत होतो आणि माझा एक मित्र, ज्याच्या मावसभावानं पुण्याहून पूर्ण संच आणला होता, त्याच्या घरी. पार्क चौकात रोज संध्याकाळी ताळा जुळवायचा. माझी ल्यूसी रेप्लिकंट निघाली, त्याची माणूस. मी म्हणालो, तुला इंग्रजी कळलं नाही. तो म्हणाला, तुझी सीडी नकली आहे. सीडी नकली होतीच, त्यामुळं मला बोलताही येईना. चहावरून उठून गेलो. पुढं तो नोकरीला बाहेर गेला, आणि हा वाद तसाच राहिला. वीस वर्षांनी स्कमव्हीएमवर दोनदा लागोपाठ खेळलो तेव्हा दुसऱ्या खेपेला माझीच ल्यूसी माणूस निघाली. त्याला रात्री साडेबाराला फोन केला. तो झोपेत म्हणाला, ‘‘मग? मी तेव्हाच सांगत होतो.’’ तू बरोबर होतास आणि मीही, हे त्याला अजून पटलेलं नाही.

तेव्हा दुसऱ्याला ‘ल्यूसी कोण आहे?’ असं विचारू नका. ‘तुझ्या गेममध्ये ल्यूसी कोण आहे?’ असं विचारा. वॉकथ्रूतून घ्यायचं ते एवढंच, कुठल्या जागा आहेत आणि कुठं काय तपासायचं राहिलं.

१५. मग समोरचा रेप्लिकंट आहे हे ओळखायचं कसं? व्हॉइट-काम्फ चाचणी दर वेळी अर्धवटच संपते.

पुरावे आणि चाचणी, दोन्ही मिळून. व्हॉइट-काम्फमध्ये डोळ्याकडं बघत भावनांना डिवचणारे प्रश्न विचारायचे. प्रश्न तीन दर्जांचे, सौम्य, मध्यम आणि जहाल. एका काट्यावर ‘माणूस’ वाढतं, दुसऱ्यावर ‘रेप्लिकंट’, आणि त्याच वेळी समोरच्याची घालमेलही वाढत असते. ती कडेलोटाला गेली की चाचणी मोडते. तुमचं तेच होतंय. पोलिसी खाक्यात पहिल्यापासून जहाल प्रश्नांचा मारा करू नका. सौम्य, मध्यम, मग एखादा जहाल, पुन्हा सौम्य असं खाली-वर ठेवा.

चाचणी सगळ्यांवर करता येत नाही. डेक्टोरासारख्या मोजक्यांवरच संधी मिळते, तीही ठरावीक वेळी, ठरावीक जागी. बाकीच्यांबाबत अंदाजावर चालावं लागतं आणि अंदाज चुकतो. चुकल्यावर गेम ‘चुकलात’ असं सांगत नाही.

१६. मी चहा घेऊन येईपर्यंत एक संशयितच नाहीसा झाला. हे खरंच वेळेवर चालतं का?

खरंच. पात्रं तुमच्यासाठी खोळंबून उभी नसतात. त्यांचे स्वतःचे मनसुबे असतात आणि ती आपापली शहरभर फिरतात. क्रिस्टल स्टील नावाची दुसरी ब्लेड रनर याच तपासावर आहे, तिच्या हाताला दयामाया नाही. तुम्ही टंगळमंगळ केलीत तर तुम्हाला ज्याच्याशी बोलायचं होतं तो तिच्या गोळीला बळी पडलेला असू शकतो. उठायचं असेल तर गेम थांबवून उठा.

सेव्ह भरपूर करा, पण एकाच नावावर नको. अंक आणि जागा लिहून वेगवेगळ्या ठेवा. आमच्याकडं वीज जाण्याच्या दिवसांत ‘सेव्ह १’वरच सगळं ठेवणाऱ्याचे दोन अंक एका झटक्यात गेले. फासे मात्र जुनी सेव्ह उघडून बदलत नाहीत (प्रश्न १४). ते नवीन गेमलाच पडतात.

१७. स्कमव्हीएममध्ये ‘रिस्टोअर्ड कंटेंट’ अशी खूण आहे. ती करू का?

पहिल्या खेपेला नको. वेस्टवुडनं बनवून शेवटी वगळलेले संवाद आणि प्रसंग गेमच्या फायलींत पडून होते, ते या खुणेनं परत येतात. काही चांगले आहेत, काही का वगळले ते लगेच कळतं. मूळ चव घेतल्यावर मग करा. त्याच यादीत ‘सिटकॉम मोड’ आहे. त्यात प्रत्येक वाक्यानंतर हशा पिकतो. चाळीस अंशांच्या रात्री झोप येत नसेल तेव्हा दहा मिनिटं ठीक आहे.

१८. मॅकॉय स्वतःच रेप्लिकंट आहे का? आणि खरा शेवट कोणता?

(गेम संपवला नसेल तर इथं थांबा.)

गेमच्या मध्यावर मॅकॉयवरच संशय उलटतो आणि शिकारी पळू लागतो. त्याचा साहेब गुझा किती पाण्यात आहे ते तोवर कळलेलं असतं. यानंतर तुम्ही कुणाच्या बाजूला उभे राहता, कुणाला सोडता, कुणाला गोळी घालता, यावर डझनाच्या आसपास शेवटांतला एक मिळतो. कुणी एकटा निघून जातो, कुणी ल्यूसीबरोबर, कुणी डेक्टोराबरोबर, कुणी क्लोव्हिसच्या माणसांबरोबर. काही शेवटांत मॅकॉय कोण आहे याचं उत्तर एका बाजूला झुकतं, काहींत दुसऱ्या. ‘खरा’ असा शिक्का कुठल्याच शेवटावर नाही. आमच्या शुक्रवारच्या फळ्यावर आतापर्यंत सात वेगळे शेवट लिहिले गेलेत, आणि स्टीलच्या बाजूनं जाणारा अजून कुणाला साधलेला नाही, कारण मॅगीशी खेळणारा माणूस तेवढा कठोर होत नाही असं आमच्यातल्या एका बाईंचं म्हणणं आहे.

१९. डेकार्ड भेटतो का?

नाही. त्याचं नाव निघतं, मागमूस दिसतो. सिनेमातली रेचेल, टायरेल, लिऑन, सबॅस्टियन, च्यू ही पात्रं भेटतात (त्यांचे आवाज कुणाचे ते प्रश्न २ मध्ये).

२०. तुमच्याकडं येऊन खेळता येईल का?

शुक्रवारी नऊनंतर या. जेवून या, शेंगाचटणी आणि कडक भाकरी तेवढी मिळेल. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बंद, तेव्हा आम्हीच होम मैदानावर असतो. आणि स्वतःच्या सेव्ह पेनड्राइव्हवर घेऊन या, माझ्या ल्यूसीला कुणी हात लावायचा नाही.